हजेरीची वही घरी ठेवा, गुरुजी

*(पत्र थोडं आखडून)*

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका गावचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय 63. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मला डाव्या अंगावर लकवा मारला. देवाच्या दयेनं आता काठी घेऊन दोन किलोमीटर चालतो. गावात माझ्यासारखे आणखी सहा जण आहेत, चार पुरुष आणि दोन बाया. दिवाळीनंतर मी ठरवलं की सगळ्यांनी मिळून रोज चालायचं. सकाळी सहाला मारुतीच्या पारावर बोलावलं. वही केली, नावं लिहिली, हजेरी ठेवली. पहिल्या दिवशी तिघं आले, दुसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी मी एकटाच. एकाला विचारलं तर म्हणाला, 'गुर्जी, लकवेवाल्याइची परेड काढता काय? लोकं हासते.' एकाची वाचा गेली आहे, तो घराबाहेरच पडत नाही. एक पोरगा अवघा 38 वर्षांचा, तंबाखूचा खर्रा सोडत नाही आणि कोणाशी बोलत नाही. गावात म्हणतात, सहा महिन्यांत जे सुधरायचं ते सुधरते, पुढं काही होत नाही. मग यांना चालवून उपयोग आहे का? कोणी पडलं तर बोल माझ्यावर येईल का? काही लोक म्हणतात की आपल्या गावच्या पाण्यातच दोष आहे. मार्गदर्शन करावे.

ता. क. मला कधी कधी कारण नसताना रडू येतं. परवा पोस्टमननं 'कसं काय गुरुजी' म्हटलं आणि मी रडलो. घरी कोणाला सांगितलेलं नाही."

गुरुजी, नमस्कार.

चारही पानं समास सोडून, मुद्द्याला मुद्दा लावून लिहिलीत, आणि खरी गोष्ट शेवटी कागदाच्या कडेला, बारीक अक्षरात. म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करते.

कारण नसताना येणारं रडू हा लकव्याचाच भाग असू शकतो. रडण्या-हसण्याला मेंदूचा एक कासरा असतो. लकव्यानं त्या भागाला इजा झाली की कासरा ढिला पडतो. मनात दुःख इवलंसं असतं, कधी नसतंही, पण डोळे वाहायला लागतात. काहींना उलटं होतं, मयतीला गेले की हसू फुटतं आणि बिचारे तोंड लपवत फिरतात. हे मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. तुमचं मन कच्चं झालं असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पोस्टमनचा प्रसंग जसाच्या तसा सांगा, यावर गोळ्या आहेत. आणि तुमच्या घरच्या बाईंना आजच सांगा. त्यांनी ते पाहिलेलं असणारच, विचारायला भीत असतील एवढंच.

दिवसच्या दिवस कशात मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ते नैराश्य. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते कधी ना कधी गाठतं आणि त्यावर उपचार लागतात. तुमच्या सहांपैकी कोणी "जगून काय करू" असं बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. घरच्यांना सांगून फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावा आणि 14416 वर फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता मला सांगा, पहिल्या दिवशी पारावर तिघं आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलंत? चालण्याचे फायदेच सांगितले असणार. पोस्टमनची गोष्ट सांगितली नसणार.

माझ्या मते तुमचं मंडळ तिथंच मोडलं. तुम्ही त्यांच्याकडे मास्तर म्हणून गेलात. दोन किलोमीटर चालणारा मास्तर, हातात वही, समोर तीन अधू विद्यार्थी. ज्याला घरून पारापर्यंत येतानाच धाप लागते, त्याला तुम्ही पास झालेले दिसलात आणि तो नापास. दुसऱ्या दिवशी तो कशाला येईल? गैरहजेरी लागलेलं पोरगं शाळेकडे फिरकत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

वाईट वाटून घेऊ नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, 22 वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या गावांत हेच काम केलं, आणि माझं पहिलं चालणं-मंडळ तुमच्यापेक्षा वाईट मोडलं. एका भल्या माणसानं आम्हाला टोप्या दिल्या होत्या, पांढऱ्या, त्यावर निळ्या अक्षरांत 'पक्षाघात रुग्ण पदयात्रा'. मला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे, मी त्या वाटल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या टोप्या मला गोठ्यात दिसल्या, एकीत ढेप मोजत होते. माणसं घरात. एका म्हाताऱ्या बाईनं मला सुनावलं, "पोरी, मले काय झालं ते गावाले दिसतेच, डोक्यावर लिहून काहाले फिरू?" त्या दिवसापासून मी चालण्याला नाव देणं सोडलं.

तेव्हा पहिलं काम हे की वही घरी ठेवा. दुसरं, आठ-पंधरा दिवस कोणालाच चालायला बोलावू नका. एकेकाच्या घरी जा आणि बसा. तुमच्या डाव्या हाताला शर्टाची गुंडी लागत नसेल तर लागत नाही म्हणून सांगा. पायजम्याची नाडी एका हातानं कशी बांधायची ते तुम्ही शोधून काढलं असेल, ते दाखवा. रात्री लघवीला उठताना कशाला धरता ते बोला. रडण्याचं सांगा. डॉक्टर हे सांगत नाही, मीही सांगू शकत नाही, कारण माझे दोन्ही हात धड आहेत. मी एखाद्याला शंभरदा म्हटलं की "हळूहळू होईल", तर तो मान डोलावतो. तेच तुम्ही "मले बी दोन महिने स्वतःच्या हातानं नाक शिंकरता येत नव्हतं" म्हटलंत, तर तो तुमच्याकडे मान वर करून पाहील. सोबतीचा जो काही उपयोग आहे तो एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मग निघताना म्हणा, "डेअरीपर्यंत येता का संगं, मला एकट्याला त्या उताराची भीती वाटते." मदत त्यांनी तुम्हाला करायची आहे. आणि खोटं बोलायचं नाही, उताराची भीती तुम्हाला असेलच.

आपल्याकडे गावात कोणी नुसतं चालत नाही. माणूस डेअरीवर जातो, दळण आणायला जातो, वावरात जातो, पारावर जातो. नुसता हात हलवत चालणारा एक तर शहरातून आलेला जावई असतो, नाहीतर डॉक्टरनं सांगितलेला पेशंट. म्हणून लोक हसले. हातात दुधाची बरणी दिली की तोच माणूस पेशंट राहत नाही. (बरणी चांगल्या हातात घेतली तर काठी कोणत्या हातात, असं तुम्ही विचाराल. बरणी सोबतच्याकडे.) तुकडोजी महाराजांच्या जुन्या गुरुदेव सेवा मंडळवाल्यांना विचारा. पहाटे रामधून घेऊन गावभर फिरणं तुमच्या भागात कोणाला नवं नाही आणि त्याला कोणी परेड म्हणत नाही. गावात अजून सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी तिथपर्यंत चालत जाणं हाच तुमचा कार्यक्रम.

सकाळी सहाची वेळही बदला. मार्गशीर्षातल्या थंडीत अंधारात अधू पायानं निघायचं ही शिक्षा झाली. शिवाय आता कापूस वेचणीचे दिवस. नऊ वाजता घरं रिकामी होतात, सोबतीला लेकरूही मिळत नाही. ऊन अंगावर आलं की आठच्या सुमारास निघा, नाहीतर संध्याकाळी माणसं वावरातून परतल्यावर. उन्हाळ्यात मात्र तुमचीच सहाची वेळ बरोबर ठरेल, आणि नवतपा लागला की सातच्या आत घरी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत चांगला माणूस घसरतो, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात येरझारा घाला. शाळा तुम्हाला नाही म्हणणार नाही.

आता वाचा गेलेल्या भाऊंकडे येते, कारण पत्रात त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे.

लकवा उजव्या अंगावर असेल तर बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलेला असतो, आणि बहुतेकांच्या बोलण्याचं कारभारपण तिकडेच असतं. अशा माणसाला पुष्कळदा सगळं समजत असतं, शब्द मात्र हाताशी येत नाही. त्याच्याशी मोठ्यानं ओरडून बोलू नका, तो बहिरा नाही. लहान मुलासारखं बोलू नका, तो वेडा नाही. एक प्रश्न, होय-नाहीत उत्तर येईल असा, आणि मग थांबा. दहापर्यंत मनात मोजा. शिक्षकांना हे सगळ्यात जड जातं, उत्तर आलं नाही की तुम्ही पुढच्या बाकाकडे वळता.

सेलू तालुक्यातल्या एका गावात माझ्याकडे असे एक गृहस्थ होते. भजनी मंडळात टाळ वाजवायचे. लकव्यानंतर आठ महिने बायकोचं नाव घेता येत नव्हतं, पाणी मागता येत नव्हतं. तोंडातून एकच शब्द निघे, "तेच तेच". एकादशीला मी त्यांना हात धरून मंदिरात नेलं, मागच्या भिंतीला टेकवून बसवलं. हरिपाठ सुरू झाला. तिसऱ्या अभंगाला त्यांचे ओठ हलायला लागले. पाचव्याला आवाज. शब्द न् शब्द स्पष्ट. त्यांची बायको बायकांच्या बाजूला बसली होती, ती उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. भजन संपलं, मी विचारलं, "काय म्हणालात?" ते म्हणाले, "तेच तेच."

चमत्कार नव्हे तो. पाठ असलेलं गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, आणि ती वाट बऱ्याच जणांची शाबूत राहते. त्यांचं बोलणं पूर्ण परत आलं नाही, पण त्या दिवसानंतर ते रोज मंदिरापर्यंत चालत यायला लागले, मीच मागे राहायची. तुमच्या भाऊंना भजन येतं का, जुनी लावणी येते का, पाढे पाठ आहेत का, ते विचारा. पाढे तर तुमचाच प्रांत.

दोन बाया आहेत असं लिहिलंत. त्यांना पारावर बोलावलं होतं का? पत्रावरून तरी वाटत नाही, आणि बोलावलं असतं तरी त्या आल्या नसत्या. मारुतीच्या पारावर सकाळी पाच पुरुषांसोबत पाय ओढत फिरायला आपल्याकडची कोणती बाई येईल? लकवा झालेली बाई घरात जास्त लवकर कोपऱ्यात जाते. तिचं चालणं चुलीपासून मोरीपर्यंत, आणि तेवढं केलं की "झाली बरी, भाकऱ्या तर थापते" म्हणून उपचार बंद. हे काम तुमच्या घरच्या बाईंकडे द्या. बचत गटाची बैठक असते, हळदी-कुंकू आहे, भागवत लागतं. तिथपर्यंत एकीला सोबत नेणं इतकंच करायचं. संक्रांत जवळ आलीच आहे.

आणि त्या निमित्तानं तुमच्या सहाही जणांच्या घरच्या बाया एकमेकींना भेटतील. रात्री दोनदा उठवून कूस बदलायची, चिडलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, वर वेचणीला जायचं, हे बोलायला त्यांनाही जागा नाही. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याच देशातली एक मोठी चाचणी छापून आली. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना घरी व्यायाम करून घ्यायला नीट शिकवलं, बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडे जवळपास 47 टक्के एक तर दगावलेले, नाहीतर दुसऱ्यावर अवलंबून. मी स्वतः घरच्यांना शिकवण्यावर आयुष्य घातलेलं, त्यामुळे तो निकाल वाचून आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. घरच्यांचं करणं वाया जातं असं मी त्यावरून म्हणत नाही. पण सगळा भार सुनेच्या आणि बायकोच्या खांद्यावर टाकून आम्ही मोकळे होतो, ते काही खरं नाही, एवढं मला पटलं. गावानं एकत्र चालल्यानं सगळं साधेल याचाही पुरावा माझ्याकडे नाही. माणूस घराबाहेर पडतो, हे मात्र मी पाहिलं आहे.

तो 38 वर्षांचा पोरगा. त्याला चालायलाही नेऊ नका आणि खर्ऱ्यावर प्रवचनही देऊ नका. तंबाखूनं दुसऱ्यांदा लकवा यायचा धोका वाढतो हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या डोक्यात कर्ज असेल, लेकरांची शाळा असेल, आणि ह्या वयात म्हाताऱ्यांच्या रांगेत बसण्याची लाज. त्याला काम द्या. दर सोमवारी उपकेंद्रात सगळ्यांचं बीपी मोजून घेणं, लिहून ठेवणं, कोणाच्या गोळ्या संपत आल्या ते पाहणं, हे त्याच्याकडे. हवी तर तुमची वही त्याला देऊन टाका, हजेरीची पानं फाडून. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरणंही त्यालाच जमेल. अर्ज केला की जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. 40 टक्के किंवा वर अपंगत्व निघालं तर एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करता येतो. पहिलं प्रमाणपत्र त्यानं स्वतःचंच काढावं. खर्रा कमी करायची वेळ तो स्वतः तुमच्याकडे बोलेल तेव्हा.

गोळ्यांचं मात्र मी जरा दरडावून सांगते. बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी सोडणारे आपल्याकडे ढीगभर. बीपी दुखत नाही, म्हणून ते गेलं असं वाटतं. दुसरा झटका येतो तो पुष्कळदा इथूनच. साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आणि कोणी कबुतराच्या रक्ताची मालीश सांगेल, ती केल्यानं फक्त कबुतर मरतं.

सहा महिन्यांबद्दल. सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत वेगानं होते हे बरोबर, पण सहाव्या महिन्याला कोणी दार लावून घेत नाही. 2011 साली अमेरिकेतल्या 408 रुग्णांवरच्या एका चाचणीचे निकाल आले. काहींना पट्ट्यांनी टांगून सरकत्या यंत्रावर चालवलं, काहींना घरी येऊन फिजिओथेरपिस्टनं साधे व्यायाम दिले. यंत्रावरच्या एका गटाला तर मुद्दाम सहा महिने उलटल्यावर सुरुवात करून दिली. वर्षाअखेर सगळे सारख्याच जागी पोचले, निम्म्याहून थोडे जास्त लोक चालण्याच्या वरच्या पायरीवर. म्हणजे उशिरा निघालेलेही पोचले, आणि नागपूरच्या महागड्या यंत्राशिवायही पोचता येतं.

तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक खेळ देते. टेपनं सपाट जमिनीवर दहा मीटर मोजा, दोन्ही टोकांना चार पावलं मोकळी सोडा. माणसाला त्याच्या नेहमीच्या चालीनं चालू द्या आणि घड्याळ लावा. 25 सेकंदांहून जास्त लागले तर तो अजून घरापुरता चालणारा, त्याला डेअरीपर्यंत ओढू नका, अंगणात तीन वेळा पाच-पाच मिनिटं पुरे. साधारण बारा सेकंदांत झालं तर तो गावात मोकळा फिरू शकतो. महिन्यातून एकदाच मोजा आणि आकडा त्याच्या कानात सांगा. पारावर जाहीर केलात तर पुन्हा निकाल लागला.

किती चालायचं? चालताना बोलता आलं पाहिजे आणि गाता येऊ नये, इतपत दम लागला की बस. भजन पोचल्यावर.

कोणी पडलं तर, हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. सहाही जणांनी आधी आपापल्या डॉक्टरांना विचारावं, घरच्यांना माहीत असावं. त्या दिवशी बीपी 180/110 च्या वर असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर चालणं नाही, डॉक्टर गाठायचा. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यानं उपाशीपोटी निघू नये. बाकी सगळं सोबत चालणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून ते नीट समजून घ्या.

सोबत्यानं अधू बाजूला राहायचं, अर्धं पाऊल मागे. पडायचं झालं तर माणूस सहसा तिकडेच झुकतो. त्याचा अधू हात धरायचा नाही. हे मी जन्मभर सांगत आले आणि जन्मभर लोक तोच हात धरत आले. लकव्यात खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात, हात ओढला किंवा काखेत हात घालून उचललं की सांधा खाली उतरतो आणि मग महिनोन्‌महिने ठणका. त्यापेक्षा त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा घ्या, कमरेला पायजम्यावरून दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारा, गाठ पुढं पोटावर. मागून तुमची चार बोटं त्या वेढ्यात, तळहात वर. ओढायचं नाही, नुसती बोटं असू द्यायची. तोल गेला की त्याला कमरेतून आपल्याकडे घ्या. हे तुम्ही स्वतः करू नका, तुमचाच एक हात अधू आहे. हे काम धडधाकट माणसाचं, नातवाचं, शेजाऱ्याचं.

काठी चांगल्या हातात. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, चपला घालून, हात सोडून उभं राहिल्यावर मोजायची. आपल्याकडे खांद्याएवढी लाठी घेऊन चालतात, ती गुरं हाकायला ठीक आहे. खाली रबरी बूच पाहिजे. चप्पल नको, मागं पट्टा असलेली सँडल. अधू पायाला जाण कमी असते, काटा मोडला तरी कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळवा उलटून पाहायचा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. रस्त्यावर दर थोड्या अंतरावर बसायला ओटा आहे का, मोकाट कुत्री कुठं असतात, लघवीची सोय कुठं, हे एकदा तुम्ही एकट्यानं फिरून पाहून ठेवा. शेवटचं जास्त महत्त्वाचं आहे. पुष्कळ जण घराबाहेर पडत नाहीत ते पायामुळे नव्हे, लघवी थांबत नाही म्हणून. ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत. तुमच्यावर तशी वेळ आली असेल तर तुम्ही आधी सांगा.

पाण्याचा दोष वगैरे काही नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली होती, 2015 साली ती छापून आली. सगळ्यात जास्त मृत्यू लकव्यानंच, सातांतला जवळपास एक. तुमच्या गावात आहे ते आजूबाजूच्या गावांतही आहे, तुम्ही मोजलंत म्हणून दिसलं. मोजणारा माणूस गावात आहे ही चांगली गोष्ट आहे. त्याच माणसानं एवढं मात्र घराघरात सांगावं की तोंड एकाएकी वाकडं झालं, हात वर राहीना, बोलणं अडखळलं, तर घड्याळ पाहायचं आणि 108 ला फोन लावायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन. केळापूरहून यवतमाळ किंवा नागपूर गाठायचं म्हटलं तर मालीशवाल्याकडे घालवायला त्यात वेळ नाही.

येत्या सोमवारी त्या पोराकडे जा, बीपीचं काम त्याच्यापुढे ठेवा. मंगळवारी वाचा गेलेल्या भाऊंकडे, बाराचा पाढा घेऊन. "परेड" म्हणणाऱ्याकडे सगळ्यात शेवटी जा, आणि त्याला सांगा की तो बरोबर बोलला होता.

होळीच्या आधी एक पत्र टाका. त्या दोघी बाया संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आल्या का, ते पहिल्या ओळीत लिहा, ताजा कलमात नको.

तुमची,
ताई